हाताचे टक्के

माणसाच्या हातालाही टक्के असतात, हे मला पुंडलिकभाऊंमुळे कळलं. तोवर टक्के म्हणजे पोरांच्या परीक्षेतले नाहीतर सावकाराचे, एवढंच मला ठाऊक. हाताचे कसे काढतात, बोटांचे किती आणि कोपराचे किती, मनगट त्यात धरतात का वेगळं, हे आमच्या गावात कोणालाच उमगलं नाही. खरं सांगायचं तर मला अजूनही उमगलेलं नाही. शाळेत काही मी गेले नाही, पोरांच्या पाट्या पुसता पुसता अक्षरं शिकले. तेव्हा सांगताना मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव मोताळ्याच्या वाटेवर. पुंडलिकभाऊंचं घर आमच्या घराला लागून, मधे नुसता काटक्यांचा कूड. कुडाच्या त्या बाजूला भाकरी थापल्याचा आवाज या बाजूला यायचा, मग बोलणं यायचं यात नवल ते काय! भाऊ उंच, पाठ अशी ताठ की आमच्या सासूबाई म्हणायच्या, यानं काठी गिळली का काय. भर उन्हाळ्यातही खाकी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत आणि गुंड्या लावलेल्या. फौजेत होते ना! पासष्ट सालच्या लढाईत गोळ्याचा तुकडा त्यांच्या उजव्या कोपरात शिरला. कोपर विळ्यासारखं वाकलं ते तसंच राहिलं, सरळही होईना आणि आणखी वाकेनाही. बोटं पाचही होती, दिसायला धडधाकट, पण त्यांत जीव नव्हता. मेंढराच्या कानासारखी लोंबायची.

दुसरा कोणी तो हात घरच्यांच्या हवाली करून ओट्यावर बसला असता. भाऊंनी त्याची खुंटी केली. त्या वाकलेल्या कोपरात ते काय काय अडकवायचे! पाण्याची बादली, सरपणाची मोळी, कडब्याच्या पेंढ्या. बैलगाडीच्या जुवाला कोपर लावून रुतलेली गाडी ओढून काढताना मी त्यांना पाहिलंय. कुठं कोणी जड उचलायला वाकलं की मागून आवाज आलाच, "सरका बाजूले." आणि वस्तू उचललेली असायची. कोणी म्हणालं, अहो राहू द्या, हात दुखेल, तर भाऊ म्हणायचे, "दुखते ते आपलं असते. दुखू द्या."

एका वर्षी वेचणीला बायका मिळेनात. कापूस फुटून वाऱ्यावर चाललेला. आमच्याकडे वेचणी म्हणजे बायकांचं काम, गडीमाणूस वखर धरतो, गाडी हाकतो, पण कमरेला ओटी बांधून कापूस वेचत नाही. भाऊंनी धोतराची ओटी बांधली आणि घुसले पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत. डाव्या हाताने असा झरझर वेचत की पाहत राहावं. आम्ही चार बायका शेजारच्या शेतात. आमच्यातली एक तोंडाळ होती, ती ओरडली, "भाऊजी, ओटी तं चांगली भरली. कितवा महिना?"

"फौजेत महिने मोजत नाईत वैनी," भाऊ मान वर न करता म्हणाले. "सुट्टी मोजतात."

"मंग डोहाळजेवन कधी करता?"

"पोळ्याले या. बैलासंगं तुमालेबी जेवू घालतो."

संध्याकाळी त्यांची ओटी तिच्यापेक्षा जड भरली. तिने आठवडाभर तोंड फुगवलं. अशी ही गंमत.

आणि पंगतीत भाऊ! मारुतीचा भंडारा असो, कोणाचं लग्न असो, चुलांगणापासून पंगतीपर्यंत वरणाच्या बादल्या भाऊंनीच वाहायच्या. गरम बादली कोपरात अडकवलेली, डाव्या हाताने वाट करत, "वरन आलं, वरन आलं, पाय आवरा." वाढणारे दुसरे, पण बादली भाऊंची. लोक म्हणायचे, "अहो बसा आता, पान वाढलंय." भाऊ म्हणायचे, "मांगच्या पंगतीत बसतो." इतका कामाचा माणूस, आम्हाला कौतुक वाटायचं.

त्यांना त्या हाताची पेन्शन होती. दर महिन्याला बुलडाण्याला जाऊन आणायचे. त्या पैशावर त्यांनी सालदार ठेवला होता, वर्षभराचा गडी, तो नांगर-वखर धरायचा. गावाला वाटायचं, फौजी माणसाची ऐट, चार एकरांना सालदार. कौसाबाई, म्हणजे त्यांची बायको, माझ्याच वयाची, लहान चणीची, बोलायला कमी. ती ऐटीचं ऐकायची आणि पदर सारखा करायची.

मग एका वर्षी सरकारचं बोलावणं आलं, हात पुन्हा तपासायचा म्हणून. भाऊंनी शर्टाला तांब्या फिरवला. तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची आमची रीत. मिशीला तेल लावलं, आणि मलकापूरहून आगगाडीने लांबच्या शहरी फौजी दवाखान्यात गेले. आले ते छाती काढून. आमच्या ओट्यावर माझ्या सासऱ्यांपाशी बसले. सासरे गावचे पोलीस पाटील, मी त्यांना मामाजी म्हणायची. भाऊंनी सगळं सांगितलं, मी दाराआडून ऐकत होते.

"सायबानं इचारलं, हात कसा हाये. म्हनलं, एकदम ठीक, साब."

"बरोबर," मामाजी म्हणाले. मोठ्या माणसाने विचारलं तर कोणी रडगाणं गातं का?

"तिथं लोखंडाची खुर्ची होती. सायेब म्हने, हिला सरकवून दाखव. म्या सरकवाच्या ऐवजी कोपरात अडकवली अन् उचललीच. पार भिंतीपाशी नेऊन ठेवली."

"मंग?"

"सायेब म्हने, बहुत अच्छा. लिहून घेतलं त्यानं."

सगळ्यांना आनंद झाला. महिन्याभराने इंग्रजी कागद आला. मास्तरांनी वाचला आणि सांगितलं, हात पुष्कळ सुधारला आहे, आधी टक्के अर्ध्याच्या वर होते, आता विसाच्या खाली आले, असं सरकार म्हणतंय. भाऊंची म्हातारी आई तडक मारुतीला गेली आणि नारळ फोडून आली. मुलाचा हात सुधारला, सरकारच म्हणतंय! खोबऱ्याचा तुकडा मलाही दिला. मी खाल्ला. हात तर कालच्यासारखाच दिसत होता, पण आपल्याला काय कळतं त्यातलं, असं मला वाटलं.

पुढच्या महिन्यात भाऊ बुलडाण्याहून रिकामे आले. विसाच्या खाली गेलं की पेन्शन बंद. वहाणा न काढता ते तसेच ओसरीत बसून राहिले. सासूबाई विचारायला गेल्या, त्यांना कोणी काही समजावून सांगेना. शेवटी त्या म्हणाल्या, "बापू, हात तं हाये तिथंच हाये. मंग बाकीचे टक्के गेले कुठं?"

"मले काय मालूम, काकू," भाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडून 'मले काय मालूम' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बुलडाण्याला फौजी लोकांचे कागद पाहणारा एक कारकून होता. तो म्हणाला, असा निकाल आला तर त्यावर अपील करता येतं. अर्ज करा, सोबत गावचा दाखला जोडा, या माणसाची स्थिती काय आहे असा. झालं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक बसली. मामाजींनी दौत-टाक काढला. कुडाच्या पलीकडे कौसाबाई उभी होती, फटीतून मला तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

आता दाखला म्हणजे काय, तर चांगलं लिहायचं. शाळेचा दाखला घ्या, नोकरीला लागतो तो घ्या, मामाजी शेवटी 'वर्तन चांगले' लिहून सही करायचे. वाईट लिहिलेला दाखला कोणी पाहिलाय? आणि पेन्शन सरकार देतं ते माणूस चांगला म्हणून देतं, आळशाला कशाला देईल, असा सगळ्यांचा हिशोब. तेव्हा जो तो सांगू लागला.

"लिहा पाटील, इमानदार हाये."

"लिहा, दारूले शिवत नाई."

"अन् हे लिहा, दोन मानसांचं काम एकला करते. मांगच्या पावसात माझी गाडी रुतली, यानंच काढली. गाडीचं लिहा."

"पोतं उचलते ते?"

"तेबी लिहा. सरकारले कळू द्या कसा गडी हाये."

भाऊ एका बाजूला बसून खाली पाहत मिशीतल्या मिशीत हसत होते. आपल्याबद्दल असं बोललेलं कोणाला आवडत नाही? मामाजींनी सगळं लिहून मोठ्याने वाचलं. लोकांनी माना डोलावल्या, पंच म्हणून खाली अंगठे उठवले. असा दाखला तालुक्यात कोणाला मिळाला नसेल. कौसाबाईच्या लुगड्याचा काठ तेवढा कुडापासून दूर गेला.

अपील फेटाळलं. उत्तरात सरकारने आमचाच दाखला आमच्यापुढे ठेवला होता. तुमच्या गावचे पाटील आणि पंच लिहितात की हा दोन माणसांचं काम एकटा करतो, मग याला अपंग कसं म्हणायचं? मामाजी स्वतः ते घेऊन बुलडाण्याला गेले. तो कारकून म्हणे हसला नाही, नुसता कपाळावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "पाटील, तुमी याच्या बाजूचे का सरकारच्या? आता एक अपील उरलं. पुन्हा तपासनी होईन. याले काय काय येते ते नका लिहू. काय येत नाई ते लिहा."

पुन्हा बैठक. तेच लोक, तोच ओटा. मामाजी टाक धरून बसले. भाऊंना काय येत नाही? इतक्या वर्षांत कोणाला ते पाहायची वेळच आली नव्हती. पाहायच्या आधीच ते "सरका बाजूले" म्हणायचे.

"बासरी वाजवता येत नाई," एक जण म्हणाला.

"ते तुलेबी येत नाई. तुले देऊ का पेन्शन?"

थोडं हसणं झालं. भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "लिहून टाका, हात जखमी हाये. बस. येत नाई, येत नाई असं काऊन लिहाचं? असं काय हाये का मले येत नाई?"

"अरे पन पुंडलिका, सरकारले तेच पायजे ना," मामाजी म्हणाले. "गेल्या टायमाले येते म्हनलं तं पेन्शन बंद झाली."

"मंग सरकारले गडी पायजे का लुळा पायजे, एक काय ते सांगा मले."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी. तेवढ्यात कौसाबाई कुडाला वळसा घालून आमच्या ओसरीच्या पायरीशी आली. डोक्यावरून पदर, नजर जमिनीकडे. पुरुषांच्या बैठकीत बाई येऊन बोलली असं आमच्या गावात झालं नव्हतं.

"मामाजी," ती म्हणाली, "हे पंगतीत बसत नाईत."

कोणाला काही कळेना. पंगतीचं काय मधेच?

"बादल्या उचलतात ना, ते बसा लागू नये म्हनून उचलतात. उजवा हात तोंडापर्यंत येत नाई. डाव्यानं चार लोकांत कसं जेवाचं? भंडारा झाला का घरी येतात अन् मी भाकर देतो. दार लावून जेवतात."

मी तिथंच उभी राहिले, चहा गार झाला. किती पंगती डोळ्यांपुढून गेल्या! माझ्या दिराच्या लग्नात मी स्वतः आग्रह केला होता. खरंच, त्यांना जेवताना कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. मामाजीसुद्धा तोंडातल्या तोंडात नावं घेऊन लग्नं आठवत होते.

"कौसे, घरात जा," भाऊ म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

ती गेली नाही. "शर्टाच्या गुंड्या मी लावतो. नांगर धरला तं एका हातानं फाळ जागेवर राहत नाई, म्हनून सालदार. ऐट नाई ते. अक्षय्य तृतीयेले त्याचं साल भरते. त्याले द्याले नसलं तं वखर कोन धरीन? मी धरू?"

भाऊ उठले. उपरणं खांद्यावर टाकलं आणि वेशीकडे निघून गेले, पाठ तशीच ताठ. मामाजींनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि कौसाबाईला म्हणाले, "बस बाई. सांग." ती पायरीवर बसली आणि सांगत गेली. मामाजी लिहीत गेले. बाकीचे एकेक करून उठले. त्यांना ते ऐकवेना, का ऐकू नये असं वाटलं, कोण जाणे.

दुसऱ्या तपासणीला तीही सोबत गेली. मग काय झालं ते मला तिने अंबाडीची भाजी निवडताना सांगितलं, देठ मोडत मोडत.

"सायबानं दाखला वाचला. मंग भाताची ताटली आनवली. यांच्यापुढं ठेवली अन् म्हने, खा. मले वाटलं हे डाव्यानं खातीन अन् मोकळे होतीन. पन सायेब म्हने, उजव्यानं."

"मग?"

"मंग काय बाई. बोटांत भात धरलाच जाईना. खांदा वर केला, मान खाली आनली, गायीवानी. सगळा भात प्यांटावर. मी पुसाले गेली तं नर्सबाईनं धरलं. राहू द्या म्हने, सायबांना पाहू द्या."

"भाऊजी काही बोलले?"

"नाई. तसेच बसले, सावधान." तिने एक देठ मोडला. "सायेब वाईट नव्हता हो. त्यानं मंग पंखा सुरू केला. पानी देल्लं. म्हने, हे पयल्यांदीच काऊन नाई सांगितलं? आता त्याले काय सांगाव."

पेन्शन पुन्हा सुरू झाली. सालदार राहिला, शेत पडीक पडलं नाही. गावाला आनंद झाला, म्हातारीने यंदा नारळ फोडू का नको ते मामाजींना विचारून घेतलं. हात सुधारला म्हणून मागे फोडला होता. आता सुधारला नाही म्हणून फोडायचा का? मामाजी म्हणाले, "फोड." पण त्यांनाही नक्की वाटत नव्हतं.

भाऊ मात्र बदलले. त्या कारकुनाने बजावलं होतं, काही वर्षांनी पुन्हा तपासणी होईल, आणि मधे कोणी अर्ज केला की हा तर पोती उचलतो, तर संपलं. गावात अर्ज करणारा तसा कोणी नव्हता. पण नव्हता हे कसं सांगायचं? भाऊंनी जुन्या धोतराच्या पट्टीत हात बांधून गळ्यात अडकवला. भंडाऱ्याला आले, मांडवाच्या बाहेर उभे राहिले. बादली उचलायची नाही, आणि बसायचंही नाही. पोरं वरणाच्या बादल्या दोघांत धरून आणत होती, सांडत होती. भाऊंचा डावा हात सारखा पुढं व्हायचा आणि मागं यायचा. एकाने पान मांडलं, म्हणाला, "भाऊ, बसा, डाव्या हातानं जेवा, आता सगळ्यांले मालूम हाये." चांगल्या मनानेच म्हणाला. भाऊ पाणी प्यायले आणि घरी गेले.

मी एकदा कौसाबाईला विचारलं, "हात खरंच आणखी बिघडला का गं?"

"मले समजत नाई बाई," ती म्हणाली. "मले वाटते तो तेवढाच हाये. पन आता घरातबी पट्टी सोडत नाईत. म्या म्हनलं, घरात कोन पाहून राह्यलं? तं म्हनतात, सवय मोडली तं बाहेर चुकून उचलीन." मग म्हणाली, "तवा सांगितलं नसतं तं जमीन गेली असती. हो ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिचं बरोबरच होतं. भाऊंचंही काही चुकलेलं मला सापडत नव्हतं.

मामाजी म्हातारपणी ही गोष्ट पुन्हा पुन्हा काढायचे. "सूनबाई, म्या दोन दाखले लिहिले. दोन्ही खरे. एकानं त्याची पेन्शन गेली, एकानं आली. मंग खोटं कोन बोललं यात?" मी म्हणायची, कोणी नाही मामाजी. ते म्हणायचे, "मंग असं काऊन झालं?" आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घ्यायचे, जणू या खेपेला मधेच कुठं तरी धागा सापडेल.

पुढं आम्ही मुलाच्या नोकरीपायी चिखलीला राहायला गेलो. ज्या सकाळी गेलो, त्या सकाळची पहिली एष्टी होती, गाडीत माणसं थोडी. मी खिडकीशी. गावाबाहेर रस्त्याला लागूनच भाऊंचं शेत. पऱ्हाटी कमरेएवढी वाढलेली, कापूस फुटलेला. शेताच्या मधोमध भाऊ. गळ्यात पट्टी नव्हती. कापसाचं एवढं मोठं गाठोडं कोपरात अडकवून लांब लांब टांगा टाकत चालले होते, मान वर, एकटेच. पुष्कळ वर्षांनी त्यांना तसं चालताना पाहिलं.

मग त्यांना गाडीचा आवाज आला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, गाठोडं खाली सोडलं आणि त्याच्याआड बसले. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, म्हटलं, बाहेरचं कोणी नाही, मीच आहे. त्यांना दिसला का नाही, ठाऊक नाही. गाडी वळणावर जाईपर्यंत मी मागं पाहत होते. पऱ्हाटीच्या वर त्यांच्या टोपीचं टोक तेवढं दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं.